धुळ्याच्या दवाखान्यातला ईसीजी

आधीच सांगतो, गूढ अनुभवांचा हा विभाग मी दोन-तीन वर्षं वाचतोय, पण विश्वास ठेवून नाही. रात्री जेवण झालं की मोबाईलवर दोन अनुभव वाचायचे, थोडं हसायचं आणि झोपायचं... एवढंच. माझा धंदाच तसा आहे. कॉम्प्युटर दुरुस्तीत तीस वर्षं गेली. बिघाड असला की त्याला कारण असतं. सैल वायर, तापलेली चिप, गंजलेली पिन, नाहीतर कुणीतरी केलेला उपद्व्याप. कारण सापडलं नाही तर आपण नीट शोधलं नाही, असंच मी आजवर धरत आलोय. देव-धर्म घरातले करतात, मी हात जोडतो आणि कामाला लागतो.

असं असूनही हे लिहायला बसलोय. गेल्या महिन्यात एक फोन आला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. फोनचं शेवटी सांगतो.

साल सत्त्याण्णव, एप्रिल महिना. मी सव्वीस वर्षांचा, जळगावला एका कॉम्प्युटरच्या दुकानात इंजिनीअर. इंजिनीअर म्हणजे एक स्क्रूड्रायव्हरचा संच, चिमटा, खोडरबर, फ्लॉपींचा डबा आणि एसटीचा पास. भुसावळपासून शिरपूरपर्यंत कुठेही मशीन बंद पडलं की मला पाठवायचे. धुळ्याहून एका हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टरांचा फोन आला होता. नाव लिहीत नाही, ते हयात आहेत. मूळचं मारवाडी कुटुंब, कापडाचं दुकान, आणि घरातले हे पहिले डॉक्टर. पाचव्या गल्लीत खाली दवाखाना, वर घर.

त्यांच्याकडे ईसीजी काढायचं कॉम्प्युटरचं मशीन होतं. म्हणजे साधा कॉम्प्युटर, पण आत एक वेगळं कार्ड बसवलेलं. कार्डाला मागून जाड केबल, केबलच्या टोकाला दहा वायरी. त्या पेशंटच्या छातीला आणि हातापायाला लावायच्या, की हृदयाचा आलेख स्क्रीनवर. त्या वेळी खानदेशात ही फार नवलाईची गोष्ट होती. वर्षभर मशीन छान चाललं. मग डॉक्टरांनी मुंबईहून साउंड कार्ड आणि सीडी ड्राइव्ह आणला, मेडिकलच्या सीडी बघायला. कुणा नातेवाइकाने ते बसवून दिलं आणि त्या दिवसापासून ईसीजी रुसला. कधी मध्येच आलेख तुटायचा, कधी सगळं मशीनच गोठायचं.

ऐकूनच मला कळलं होतं काय झालंय. तेव्हाच्या मशीनमध्ये प्रत्येक कार्डाला एक नंबर द्यावा लागायचा. त्या नंबरावरून ते कार्ड प्रोसेसरला हाक मारायचं. दोन कार्डांचा नंबर एक झाला की भांडण. कोण बोलावतंय हे प्रोसेसरला कळायचं नाही आणि दोन्ही कार्डं बिघडल्यासारखी वागायची. आता हे सगळं आपोआप होतं. तेव्हा कार्डावरचे ज्वारीच्या दाण्याएवढे जंपर, म्हणजे पिनांवरच्या टोप्या, चिमट्याने उपटून दुसरीकडे बसवावे लागायचे. या दोघांचा नंबर पाच असणार, हे मी एसटीत बसतानाच ओळखलं होतं. तासाभराचं काम.

पारोळ्यावरून धुळ्याला पोचेपर्यंत साडेअकरा झाले. दवाखाना भरलेला. औषधाच्या खिडकीमागे कंपाउंडर बसले होते. सुकलाल नाना. साठीला आलेले, पांढरा हाफ शर्ट, टोपी, कानावर पेन्सिल. पिंपळनेरकडच्या एका खेड्यातले, बोलणं अहिराणी. बायको गावाला शेती बघायची आणि नाना धुळ्यात खोली करून राहायचे. मी यापूर्वी दोनदा आलो होतो, त्यामुळे ओळख होती.

“या भाऊ. मशीनले काय व्हयनं?”

“दोन कार्डांचं भांडण लागलंय नाना.”

“बठ्ठा घरमा तेच शे,” सगळ्याच घरांत तेच, असं म्हणाले आणि हसले. पुड्या बांधत राहिले.

ओपीडी दीड वाजता संपली. डॉक्टर मला मशीन दाखवून वर जेवायला गेले. “पाचला परत ओपीडी आहे, तोपर्यंत करून ठेव,” एवढंच म्हणाले. दवाखान्यात मी आणि नाना दोघेच. बाहेर धुळ्याचं ऊन, सगळी गल्ली दारं लावून बसलेली. नानांनी माझ्यासाठी वरून ताक आणलं. स्वतःचा डबा मात्र तसाच कपाटावर होता. मी म्हटलं, “नाना, जेवत नाही का?”

“नही भाऊ. पोटमा जळजळ करी ऱ्हायनी सकायपशी.” त्यांनी हाताने छातीच्या खाली, पोटाच्या वर दाखवलं. “दात बी दुखस. सोडा पी लिधा.”

“मग डॉक्टरांना दाखवा की. हाताशी आहेत.”

“डाक्टरले सांगू नका बरं!” एकदम आवाज खाली आणून म्हणाले. “डाक्टर माले लगेच टेबलवर आडवा पाडतीन. कालदिन वांग्यानं भरीत जास्ती व्हयी गयं, दुसरं काही नही.”

मी हो म्हटलं. खरंच हो म्हटलं, आणि आतल्या खोलीत जाऊन कॅबिनेटचे स्क्रू काढायला लागलो. नाना बाहेर बाकावर आडवे झाले. रोजच व्हायचे.

आता पुढचं मी जमेल तितकं क्रमाने लिहितो, कारण या क्रमावरच सगळं आहे.

आधी साउंड कार्ड काढून बाजूला ठेवलं. म्हणजे आत ईसीजीचं कार्ड एकटंच उरलं. भांडायला कुणी नाही. मशीन चालू केलं, ईसीजीचा प्रोग्रॅम उघडला. दहाही वायरी भिंतीवरच्या खुंटीला लटकत होत्या, कुणालाही लावलेल्या नव्हत्या. अशा वेळी स्क्रीनवर सरळ रेघ दिसायला हवी, थोडीशी थरथरणारी.

रेघ नव्हती. आलेख येत होता.

व्यवस्थित, एकामागून एक ठोके. डावीकडून उजवीकडे सरकत होते. मला आधी वाटलं, कूलर. खिडकीला मोठा पत्र्याचा कूलर लावलेला, त्याच्या मोटारीचा करंट वायरीत शिरत असणार. कूलर बंद केला. आलेख तसाच. पंखा बंद केला, ट्यूबलाइट बंद केली. तसाच. घाम गळत होता आणि मला राग यायला लागला होता. भीती वगैरे काही नाही, नुसता राग. तासाभराचं काम लांबणार म्हणून.

मग मी मशीनच्या मागे गेलो, केबलचे दोन्ही स्क्रू सोडवले आणि केबल उपटून काढली. अख्खी केबल, वायरींसकट, माझ्या हातात. कार्डाला मागून काहीही जोडलेलं नाही.

पुढे येऊन बघतो तर ठोके चालूच.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. उकाड्याने झोप येईना म्हणून डॉक्टरच खाली आले होते. आत शिरताना हळू आवाजात म्हणाले, “नाना झोपलाय बाहेर. झालं का?” आणि स्क्रीनकडे बघून थांबले. पुढे वाकले. चष्मा कपाळावर सरकवला.

“कोणाचा आहे हा?”

“कोणाचाच नाही साहेब. केबल माझ्या हातात आहे.”

त्यांनी केबल बघितली, मशीनच्या मागचा उघडा सॉकेट वाकून बघितला. पुन्हा स्क्रीनकडे आले. बोटाने दाखवत म्हणाले, “हे बघ, इथे रेघ खाली यायला हवी, ती वरच राहिलीय. हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक आहे हा. आत्ता चालू असलेला. हा माणूस जो कोण असेल तो तासाभरात हॉस्पिटलमध्ये पाहिजे.”

आम्ही दोघं एकमेकांकडे बघितलं आणि हसलो. हो, हसलो. मी म्हटलं, “डेमो असेल साहेब. कंपनीवाले प्रोग्रॅममध्ये नमुना घालून ठेवतात, दुकानात दाखवायला.”

“नमुना बरा निवडलाय कंपनीने,” ते म्हणाले. “एक प्रिंट काढतो. त्यांच्या माणसाला विचारू.”

प्रिंटरने करकर करत कागद काढला. कागदावर वर वेळ छापून आली, दोन बावन्न. एवढा आवाज झाला तरी बाहेर नाना उठले नाहीत. डॉक्टरांनी कागद टेबलाच्या खणात टाकला, म्हणाले, “तू तुझं काम कर,” आणि वर गेले.

मी प्रोग्रॅममध्ये डेमो शोधला. सापडला नाही. स्क्रीनवरचे ठोके तेवढ्यात बदलले होते. मधूनमधून एखादा ठोका गाळला जात होता, मग मोठी फट, मग दोन घाईघाईने. मी स्वतःला सांगितलं की कार्डाच्या मेमरीत अडकलेला कचरा आहे, संपत आला असणार. पॉवर बंद केली. स्क्रीन काळा झाला.

कार्ड बाहेर काढलं, सोनेरी पट्टी खोडरबराने घासली, शेजारच्या स्लॉटमध्ये बसवलं. साउंड कार्ड पुन्हा लावलं, त्याला नंबर दहा दिला. ईसीजीचा पाच तसाच ठेवला. केबल जोडली. मशीन चालू केलं तर सरळ रेघ. काय आनंद झाला सांगू! चार क्लिपा स्वतःच्या हातापायाला लावून बघितल्या, माझा आलेख आला. सीडी लावली, तिचा आवाजही आला. दोन्ही कार्डं गुण्यागोविंदाने चालत होती. कॅबिनेट बंद केलं आणि नानांना सांगायला बाहेर आलो, तेव्हा सव्वातीन झाले होते.

बाक रिकामा होता. नाना कोपऱ्यात, पाण्याच्या माठाजवळ भिंतीला टेकून खाली बसले होते. पेला कलंडलेला. शर्ट इतका भिजलेला की आतली बंडी स्पष्ट दिसत होती. मला वाटलं, पाणी सांडलंय. जवळ गेल्यावर कळलं, घाम आहे.

“नाना?”

“जीव घाबरी ऱ्हायना, भाऊ...”

मी जिन्यात जाऊन ओरडलो. डॉक्टर अनवाणी धावत आले. दोघांनी उचलून टेबलावर घेतलं. डॉक्टरांनी शर्ट वर केला, पटापट वायरी लावल्या, माझ्याकडे न बघता म्हणाले, “मशीन चालतंय ना?”

“चालतंय.”

आलेख सुरू झाला आणि डॉक्टरांचा हात हवेतच थांबला. मला ईसीजी वाचता येत नाही, तेव्हाही येत नव्हता. पण अर्ध्या तासापूर्वी जे चित्र मी राग येईस्तोवर बघितलं होतं, ते मला ओळखता येत होतं. तोच वर राहिलेला भाग. तोच गाळलेला ठोका, तीच फट, आणि घाईघाईचे दोन. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग ते एकदम हलले. गोळी चावायला दिली, इंजेक्शन भरलं, मला गाडीची किल्ली आणायला वर पिटाळलं. जाताना त्यांनी प्रिंटचं बटण दाबलं होतं. कागद मागे निघत राहिला.

मोठ्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा नाना शुद्धीवर होते. गुठळी विरघळवायचं औषध चालू केलं. पण पाच वाजायच्या आतच गेले. कॉरिडॉरमध्ये डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, “एक तास आधी माझ्या हातात आला असता तर...”

परत दवाखान्यात आलो तेव्हा संध्याकाळचे पेशंट जमले होते. त्यांना परत पाठवलं. डॉक्टरांनी खणातला कागद काढला, प्रिंटरमधला काढला, आणि कपाटातून नानांची फाइल काढून एक जुनी पट्टी काढली. तीन वर्षांपूर्वी, हे कॉम्प्युटरचं मशीन यायच्या आधी, त्यांनी नानांचा साध्या मशीनवर ईसीजी काढला होता. तिन्ही कागद एक्स-रे बघायच्या दिव्यावर लावले.

“नानाला जुना एक दोष होता,” ते म्हणाले. “त्रास देणारा नाही. पण त्यामुळे इथे एका टोकाऐवजी दोन टोकं येतात. बघ.” जुन्या पट्टीवर दोन टोकं होती. नंतरच्या कागदावर होती. आणि दोन बावन्नच्या कागदावरही होती. “असा दोष पुष्कळांना असतो,” असंही म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, “पुष्कळांना असतो.”

“साहेब, केबल काढलेली होती.”

“माहितेय मला. मी बघितलीय.”

मला तेव्हाच सांगायला हवं होतं की नाना दीड वाजता माझ्याशी काय बोलले होते. ते दाराच्या पडद्यापलीकडे बाकावर झोपलेले असताना डॉक्टर ‘हा माणूस जो कोण असेल तो’ म्हणाले, तेव्हा मला एकदाही नानांच्या पोटातली जळजळ आठवली नाही. हृदयाचं दुखणं पोटात आणि दातात दुखतं, हे मला माहीत नव्हतं, हे खरं. पण आठवलंच नाही, हेही खरं. मी काही बोललो नाही. शेवटची एसटी पकडून जळगावला आलो.

दशक्रियेला डॉक्टर नानांच्या गावी निघाले होते, मला म्हणाले, येतोस का. गेलो. सगळं आटोपल्यावर नानांच्या बायकोने मला बाजूला बोलावलं. बारीक चणीची बाई, डोळे कोरडे.

“भाऊ, त्या दिन तुम्ही व्हतात ना तठे? त्यास्नी तुमले काही सांगेल व्हतं का? दुखस वगैरे?”

मी म्हटलं, “नाही अक्का. काही बोलले नाहीत.”

त्यांनी मान हलवली. “मंग ठीक शे. कोनलेच नही सांगं मंग.” आणि आत निघून गेल्या. त्यांना त्याने थोडं बरं वाटलं असावं. मला तसं वाटून घ्यायचंय.

मी माझ्या परीने शोध घेतला. कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की या प्रोग्रॅममध्ये डेमो नाही, कधीच नव्हता. डॉक्टरांच्या हार्ड डिस्कवरची एकूण एक फाइल उघडून बघितली. नानांचा ईसीजी त्या दिवसाआधी त्या मशीनवर कधी काढलेलाच नव्हता. डॉक्टरांनी ते कार्ड काढून टाकलं, मी मागून घेतलं. जळगावला माझ्या टेबलावर चार महिने चालू ठेवलं होतं, केबलसकट, केबलशिवाय, सगळ्या नंबरांवर, साउंड कार्डाशी मुद्दाम भांडण लावूनसुद्धा. सरळ रेघ. किंवा मशीन गोठायचं, जसं गोठायला हवं तसं. इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, हृदयाचा सिग्नल इतका बारीक असतो की कातडीवर जेल लावून वायर चिकटवली तरी मुश्किलीने मिळतो. मध्ये भिंत असताना, हवेतून? अशक्य. मग मला म्हणाले, तुम्ही थकलेले असाल. मी कागदाबद्दल बोललोच नाही.

आता तो फोन. गेल्या महिन्यात डॉक्टरांचा आला. दवाखाना बंद करतायत, वय झालं. कपाटं आवरताना ते कागद सापडले म्हणाले. इतक्या वर्षांत आम्ही त्यावर एकदाही बोललो नव्हतो. का कुणास ठाऊक, मी सांगून टाकलं. दीड वाजताचं, जळजळीचं, दाताचं, ‘डाक्टरले सांगू नका’ म्हणाले ते. सगळं. नानांच्या बायकोशी खोटं बोललो तेही.

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

“सकाळी पुड्या बांधताना नाना दोनदा थांबला होता,” डॉक्टर म्हणाले. “जबडा चोळत होता. मी काचेतून बघितलं. बाहेर चाळीस पेशंट होते... मनात आलं, दुपारी विचारू. मग खाली आलो तर तो झोपलेला. उठवायचं जिवावर आलं.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“कागद टाकून देऊ का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नको. ते म्हणाले, मलाही टाकवत नाहीत. पाठवू का तुला? मी त्यालाही नको म्हणालो.

तर असं आहे. कार्डाला मागून काहीही जोडलेलं नसताना तो आलेख कुठून आला, मला माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही. इथे कुणी या क्षेत्रातले असतील तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. पण दोन बावन्न ते सव्वातीन एवढा वेळ आमच्या हातात होता, आणि त्या वेळात मी कार्डाची पट्टी खोडरबराने घासत होतो. तेवढं मला कुणी समजावू नये.